तांबडीची बदकं

आमची तांबडी कोंबडी खुडूक बसली, तेव्हा तिच्याखाली ठेवायला घरात एकही अंडं नव्हतं. सासूबाईंनी तिला पाण्यात बुचकळून काढलं, टोपलीखाली कोंडून ठेवलं, पण बाई काही हटायला तयार नाही. रिकाम्या पेंढ्यावर पिसं फुगवून बसायची आणि जवळ जाईल त्याला चोच मारायची. शेवटी शेजारच्या वाडीतून बदकाची अंडी आणली. तिथली बदकी अंडी घालून खुशाल फिरायला निघून जायची.

अंडी ओढणीत घालून आणणारी आमची भाची, चौथीतली. माझी नणंद गेल्यावर ही पोर आमच्याकडे गास गावी आली. मला मूल नाही. हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे कोणी आवाज बारीक करून विचारायला नको.

सासूबाईंनी टोपलीत अंडी मांडली आणि ढगांच्या गडगडाटाने ती नासू नयेत म्हणून मध्ये एक लोखंडी खिळा ठेवला. बदकाच्या अंड्यांना ओल लागते. भाची शाळेतून आली की दप्तरही न उतरवता त्यांच्यावरून पाण्याचा हात फिरवायची. कोंबडीची पिल्लं निघायची वेळ उलटून गेली, तरी अंडी गप्पच. मी तुळिंजच्या दवाखान्यातली नोकरी उरकून थकून यायचे आणि दारातच बातमी मिळायची, "मामी, अजून नाही." तांबडी वाळून नुसती काटकी झाली, पण उठली नाही. एकदाची पिवळी पिल्लं बाहेर आली. त्यांच्या चपट्या चोची बघून तिला काही वेगळं वाटल्याचं मला तरी दिसलं नाही. ती लगेच माती उकरून त्यांना खायला दाखवू लागली.

त्याच सुमारास भाचीच्या वडिलांचे फोन वाढले. त्यांनी दुसरं लग्न केलं होतं, विरारला नवा फ्लॅट घेतला होता आणि आता त्यांना मुलगी न्यायची होती. मुलगी त्यांची, त्यांना कोण अडवणार? पण ती तापाने फणफणली होती तेव्हा हे कुठे होते, असं मी नवऱ्याला ऐकवलं, सासूबाईंना ऐकवलं, स्वयंपाकघरातली भांडी आपटून साऱ्या आळीला ऐकवलं. नवरा म्हणाला, "बापाला नाही कसं म्हणायचं?" सासूबाई नातीसाठी रडल्या, पण जावयापुढे त्यांचं तोंड उघडेना.

एका रविवारी ते आले. आमच्या वाडीत बावखल आहे, म्हणजे झाडांना पाणी घालायला पूर्वी खणलेलं छोटं तळं. पिल्लं अजून मुठीएवढीच होती. "बदकांना काय पोहायला शिकवावं लागतं?" असं म्हणत लेकीला गंमत दाखवायला त्यांनी पिल्लांची टोपलीच पाण्यात उपडी केली. पिल्लं सरसर निघाली. भाची टाळ्या पिटू लागली. तांबडी मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत काठाने धावत सुटली. ओरडून ओरडून तिने वाडी डोक्यावर घेतली आणि शेवटी पोटापर्यंत पाण्यात शिरली.

"बघा वहिनी," ते हसत म्हणाले, "खरी आई नाही ना, म्हणून घाबरते."

माझ्या अंगाची लाही लाही झाली.

इतक्यात ओटीवरून सासूबाई ओरडल्या, "काढा, काढा त्यांना पान्यातून! बदकीच्या अंगचं तेल लागलं म्हनजे पिल्लं भिजत नाय. कोंबडीकडं कुठलं तेल?"

तोवर पिल्लं भिजून जड झाली होती, माना खाली जाऊ लागल्या होत्या. मी होते त्या कपड्यांनिशी उतरले. भाची काठावरून रडत दाखवत होती, "मामी, ते बघ! मामी, तिकडे!" एक पिल्लू हाती लागेपर्यंत गेलं. बाकीची थरथरत तांबडीच्या पंखांखाली शिरली. ती स्वतःही ओलीचिंब होती.

"एखादं जायचंच," भाचीचे वडील म्हणाले. मग चहा घेताना त्यांनी ठरवूनच टाकलं, की परीक्षा झाली की तिला नेतो. "मोठी झाली आता ती. रुळेल."

हे वाक्य आमच्या घराने उचललं. नवरा तिला तेच सांगायचा, सासूबाई तेच सांगायच्या. ती उशीत तोंड खुपसून रडायची, तेव्हा दुसरं काही सुचेना म्हणून मीही तेच म्हणायचे, "अगं, मोठी झालीस ना आता?"

परीक्षा संपली. पिल्लांना चांगली पिसं फुटली, ती बावखलात मजेत तरंगू लागली. तांबडी काठावर बसून राहायची, पण ओरडायची नाही. तिचा तुरा पुन्हा लाल झाला आणि तिने स्वतःचं अंडं घातलं.

दुसऱ्या दिवशी वडील येणार होते. मी ओटीवर भाचीचे कपडे घड्या घालून बॅगेत भरत होते. एवढ्यात ती वाडीतून धावत आली.

"मामी, तांबडी त्यांना मारतेय! जवळ गेली की टोचतेय!"

मी बघितलं. खरंच, बदकं तिच्या मागे येत होती आणि ती उलटी फिरून त्यांच्या डोक्यावर चोच हाणत होती.

"असंच असतं गं," मी कपड्यांत मान घालूनच म्हणाले. "पिल्लं मोठी झाली की कोंबडी त्यांना हाकलून देते."

पुढचा फ्रॉक उचलताना मी वर पाहिलं. ती बॅगेकडे बघत होती. मग तिने माझ्या हातातला फ्रॉक हळूच काढून घेतला आणि अंगाला लावून दाखवला.

"हा मला अजून होतो, मामी," ती म्हणाली. "मी एवढी नाही मोठी झाले."