कोरडं ठेवायचं सिमेंट

तेलाची विहीर मी अजून प्रत्यक्ष पाहिलेली नाही. तरी शेवटच्या वर्षाचा माझा प्रकल्प जुन्या तेलविहिरींवर होता. अशा विहिरीत लोखंडी पाइप उतरवतात आणि पाइप व खडक यांच्यामधली जागा सिमेंटने भरतात, म्हणजे वरच्या थरातलं पाणी खालच्या तेलात उतरत नाही. काळ गेला की सिमेंट आकसतं, पाइपापासून सुटतं आणि पाणी वाट काढतं. ती फट मला बुजवून दाखवायची होती. नाहीतर वर्ष वाया.

बुजवायला आधी फट हवी. मोठ्या पाइपात लहान पाइप उभा करून मी मधे सिमेंट भरलं. दिवाळीत प्रयोगशाळा बंद, म्हणून नमुने घरी आणून, सुकून आकसावेत यासाठी गच्चीवर उन्हात ठेवले.

सुट्टीनंतर त्यांत पाणी सोडलं, तर खाली थेंबही आला नाही. प्रकल्पाचे सर म्हणाले, "गळतच नाही, तर बुजवणार काय?"

घरी विचारलं. वडील गवंडी. आमच्या शहरातल्या गंगापूर रोडला त्यांची बरीच कामं झाली आहेत. म्हणाले, "मी मारलं ना पाणी, सकाळ-संध्याकाळ. तू तर बघतबी नव्हता."

"अण्णा, त्याला भेग पडायला हवी होती."

"भेग पाडायला कॉलेजात धाडलं का तुला?"

आई म्हणाली, "आता तुमच्या कामावर न्या त्याला, भेगा बघायला." अण्णांना ते आवडलं नाही.

सरांनी मुदत वाढवून दिली, पण एकदाच. मी पुन्हा नमुने भरले. अण्णा गच्चीवर जात, सिमेंटवरून बोट फिरवत आणि खाली येत. एकदा म्हणाले, "लय वाईट दिसतंय रे." पाणी मात्र मारलं नाही.

या वेळी पाणी झिरपलं. मला बरं वाटलं, पण घरी ते कसं सांगावं कळेना. मग बारीक दळलेलं सिमेंट पातळ करून मी त्या फटीत दाबाने भरलं. आता ते धरतं की नाही, एवढंच उरलं होतं. नमुने परत गच्चीवर आणले. अण्णा जिन्यात उभे होते.

"हेबी कोरडंच ठेवायचं?"

"नाही. याला पाणी लागेल."

ते बादली भरायला गेले.