हनुवटीवरचे तीन ठिपके

"त्या खुर्चीवर नको रे. स्टुलावर बसव."

मालक कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाखालून बोलले. खुर्ची लाल मखमलीची होती. गिऱ्हाइकांची. समोर चपला हातात धरून उभी असलेली बाई माझी माय होती. मी स्टूल आणलं आणि ठेवलं.

"ओळखीची का?" मालकांनी विचारलं.

"आमच्या वस्तीतली आहे," मी म्हणालो.

माय दोन हातांच्या अंतरावर उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. स्टुलावर बसली, पदर सारखा केला आणि भिंगात बघू लागली.

मायला मी वस्तीतली म्हणालो, हे तेवीस वर्षं कोणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही.

मी तेव्हा विशीचा. नागपुरात बर्डीवरच्या एका फोटो स्टुडिओत रिटचिंग करायचो. म्हणजे काचेच्या निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल चालवायची. जिथं पेन्सिल लागते, तिथं फोटोत उजळ येतं. देवीचे व्रण भरायचे. डोळ्यांखालचं काळं भरायचं. काळ्या पोरीला गोरी करायचं. लग्न जमवायचे फोटो सगळे माझ्याकडे. "याच्या हाताला हळद लागलेली आहे," मालक गिऱ्हाइकांना सांगायचे. प्यायचं पाणी मात्र मला मागच्या पत्र्याच्या डब्यातलं. मी कौतुकही घेतलं, डबाही घेतला.

बाप उमरेडकडं कोळशाच्या खाणीत होता. तो गेला. त्याच्या जागी मायला घेणार होते. ओळखपत्राला फोटो हवा होता, म्हणून ती एसटीनं आली. पोरगा फोटोच्या दुकानात, मग दुसरीकडं कशाला जायचं?

फोटो झाल्यावर मालक म्हणाले, "याला पेन्सिल जास्त लागेल. कोळसाच आहे." आणि हसले.

मीही हसलो. थोडंसं.

माय दाराबाहेर पायरीवर चपला घालत होती.

मग मी पेन्सिल घेतली. ओळखपत्राच्या फोटोला रिटचिंग लागत नाही, हे मला ठाऊक होतं. कोणी जबरदस्तीही केली नाही. हाताला सवय होती. शिवाय वाटलं, फोटोत तरी. गाल उजळले. कपाळ उजळलं. हनुवटीवर गोंदणाचे तीन हिरवे ठिपके होते, तेही भरले. दोन तास लागले. काम चांगलं झालं होतं.

आठ दिवसांनी ती परत आली. स्टुडिओत नाही, माझ्या खोलीवर. पदराच्या गाठीतून फोटो काढला.

"बापू, हे कोण होय गा?"

"तूच वं माय."

"हापिसातला कारकून म्हणे, पोरीचा फोटो काहून आणला? मी म्हटलं, मीच होय. तो म्हणे, मावशी, तुमच्या हनुवटीले ठिपके हायेत, हिच्या नाहीत. दुसऱ्या बाईले घुसवून राहिली का?" ती हसली. "चार माणसं जमा झाली. फोटो पाहत, मले पाहत. म्हणे, खरा फोटो आण, नाहीतर जागा दुसऱ्याले जाते."

मग फोटो माझ्या हातात देऊन म्हणाली, "तिथं कोणी ओळखलं नाही मले. तुह्या दुकानातही नाही ओळखलं."

रागानं नाही. भाजीत मीठ कमी आहे म्हणावं, तसं.

मला रडू आलं नाही. फार वेळ मांडी घातली की पाय आपला वाटत नाही, तसं सगळं अंग झालं होतं.

छप्पन साली हिनंच मला दीक्षेला नेलं होतं. गर्दीत माझं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं. मी बारा वर्षांचा, मला लाज वाटत होती. "आता माहा पोरगा माणूस झाला," असं ती गल्लीभर सांगत फिरली. आणि आठ वर्षांनी मी तिला वस्तीतली बाई म्हणालो.

सोमवारी स्टुडिओ बंद असायचा. किल्ली माझ्याकडे. मायला घेऊन गेलो. जुनी काच पुसून फोटो पुन्हा छापता आला असता. टर्पेंटाइनचा बोळा फिरवला की पेन्सिल निघते. पण त्या काचेवर ती स्टुलावर बसलेली होती.

"खुर्चीवर बस."

"नको गा, मालक पाहीन."

"बस."

ती कडेला बसली. टेकली नाही. ओळखपत्राचा फोटो काढला. एक काच उरली. मग काय वाटलं कोण जाणे, मी कॅमेऱ्याचा घड्यांचा भाता पूर्ण लांबवला आणि सगळं धूड ओढत तिच्या तोंडापासून वीतभर अंतरावर आणलं. असा फोटो आमच्याकडे कोणी काढत नसे. मागच्या दुधी काचेवर चित्र उलटं दिसतं. उलटी हनुवटी. तीन ठिपके, वाटाण्याएवढे. सुया टोचल्याच्या बारीक कडा. भोवतीची कातडी नांगरल्यासारखी. एका ठिपक्याखाली भाजल्याचा डाग. तो मी कधी पाहिलाच नव्हता.

"हे कशाचं वं?"

"तू पोटात होता. चुलीपाशी भोवळ आली."

"हलू नको. श्वास धर."

इतक्या जवळून श्वासानंही फोटो हलतो. तिनं श्वास धरला. मीही धरला. चार सेकंद. वीस वर्षांत मी तिच्याकडे एवढा वेळ पाहिलं नव्हतं.

मंगळवारी मालकांनी वाळत ठेवलेल्या दोन्ही काचा उजेडात धरल्या.

"ही हनुवटी कशाला काढली? काच फुकट घालवली. आणि या दुसरीवर हात फिरव. असला फोटो माझ्या शिक्क्यानं बाहेर जायचा नाही."

त्यांनीच पेन्सिल पुढं केली. मी घेतली नाही.

"ती माझी माय आहे," मी म्हणालो. "तिच्यावर पेन्सिल लागणार नाही."

मालकांनी पेन्सिल खाली ठेवली. मग अगदी मायेनं म्हणाले, "अरे वेड्या, आधी सांगायचंस. तुझी आई म्हटल्यावर खुर्ची दिली असती."

"आणि माझी माय नसती तर?"

त्यांना प्रश्न कळला नाही. खरंच कळला नाही, तोंडावर दिसत होतं. मी तिच्या तिन्ही काचा कागदात गुंडाळल्या आणि पायरी उतरलो.

फोटो इतवारीतल्या एका फोटोवाल्याकडे छापला. शिक्का नव्हता. कारकुनानं एकदा फोटो पाहिला, एकदा ठिपके पाहिले आणि सही केली. बारा वर्षं मायनं कोळसा निवडला. आता ती नाही.

पुढं मी स्वतःचं लहानसं दुकान टाकलं. ते पोटासाठी. सोमवारी मात्र भाता लांबवून जवळून फोटो काढतो. टाचांच्या भेगा. विडीवाल्या बाईचं झिजलेलं नख. कन्हानच्या खाणकामगाराच्या पाठीत कोळसा शिरून राहिलेली निळी रेघ. पहिली प्रत ज्याची त्याला. एक म्हातारी आपल्या टाचेचा फोटो पाहून म्हणाली, "हे तं शेत होय वं बाई," आणि कितीतरी वेळ तो मांडीवर घेऊन बसली.

यानं मनाला बरं वाटतं का, असं लोक विचारतात. बरं नाही वाटत. बधिर पायात रक्त परत येताना दुखतं, तेवढं होतं.

ती पहिली काच अजून माझ्याकडे आहे. तिच्यावर माझी पेन्सिल तशीच आहे. बोळा फिरवला तर दोन मिनिटांत माय खालून वर येईल. मी फिरवत नाही. स्टूल मालकांनी मागितलं, पण ही पेन्सिल माझी आहे. ती दिसत राहिली पाहिजे.

माझ्या दुकानात खुर्ची आहे, स्टूल नाही. कोणी "जरा उजळ करून द्या" म्हटलं, की मी ती काच काढून उजेडात धरतो. सांगतो, ही माझी माय. हिला मी पुसलं. तुम्हाला पुसणार नाही. दुसरीकडं जायचं तर खुशाल जा.