सासरच्या भाषेतली परीक्षा

माझी धाकटी मावशी विशेष मुलांच्या वर्गाची शिक्षिका. तिचं सासर दुसऱ्या भाषेचं. ती भाषा ती लग्नानंतर सासूबाईंकडूनच शिकली, भाजी चिरता चिरता आणि बोलणी खाता खाता. शाळेत ती वापरायची कधी वेळच आली नव्हती.

मग तिच्या वर्गात आठ वर्षांची एक मुलगी आली. चकार शब्द बोलायची नाही. तपासणीच्या अहवालात लिहिलं होतं, 'समज कमी'. एकदा रंगाची वाटी तिच्या फ्रॉकवर सांडली आणि मावशीच्या तोंडून सवयीनं सासरच्या भाषेत निघालं, "अगं, पूस आधी ते!"

मुलगी चमकली. मग जी सुरू झाली ती थांबेचना. वाटी कुणी ठेवली, धक्का कुणाचा लागला, आई आता कशी रागावेल, सगळं त्याच भाषेत.

मावशी तडक मुख्याध्यापिकांकडे गेली. "हिची तपासणी चुकीच्या भाषेत झालीय."

"पटतंय हो. पण दोन भाषांत तपासायला वेगळं प्रमाणपत्र लागतं. आपल्याकडे ते कुणाकडेच नाही."

"मग मी घेते."

पन्नाशीच्या उंबरठ्यावर मावशी पुन्हा बाकावर बसली. शाळा सुटली की शिक्षकांच्या वर्गाला पळायची. लेखी पेपरांत ती पास झाली. तोंडी परीक्षा सासरच्या भाषेत होती; परीक्षक पालकाच्या भूमिकेत होते आणि मावशीनं त्यांना मुलाची अडचण समजवायची होती. मावशी अस्खलित सुरू झाली, "बस तिथे. मधे बोलू नकोस. नीट ऐकून घे."

पांढऱ्या केसांच्या त्या गृहस्थांनी मुकाट्यानं ऐकून घेतलं आणि तिला नापास केलं. शेरा होता: उच्चार उत्तम, पालकांशी बोलण्यात अदब नाही.

घरी काकांची हसून हसून पुरेवाट झाली. सासूबाईंनी मात्र हातातली भाजी बाजूला ठेवली. म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं मी तुझ्याशी अशी बोलतेय?"

"तसं नाही हो, आई."

"तसंच आहे. नाहीतर तू शिकलीस कुठून?"

दुसऱ्या दिवसापासून सासूबाईंनी सुनेला अहो-जाहो सुरू केलं. "अहो बाई, आमच्या मुलाचं अभ्यासात कसं काय?" मुलगा म्हणजे समोर पेपर वाचणारे काका.

"लक्ष नसतं त्यांचं," मावशी अदबीनं सांगायची. "पण आपण घरी रागावू नका."

मधे एकदा दोघींचं खरंखुरं भांडण झालं, तेही अहो-जाहोतच.

पुढच्या खेपेला मावशी पास झाली. मुलीची दोन्ही भाषांत नव्यानं तपासणी झाली. समज वयाला साजेशी निघाली. अक्षरं मात्र तिला खरंच जड जात होती, त्यामुळे मावशीची मदत लागणारच होती. पण आता निम्मा दिवस मुलगी शाळेच्या सर्वसाधारण वर्गात बसू लागली. तिथे तिला एक मैत्रीणही मिळाली.

मावशीनं मुलीच्या आईला बोलावून सगळं तिच्याच भाषेत समजावलं. आई चाचरत म्हणाली, "मला वाटायचं, मी घरी आमची भाषा बोलते म्हणून हे झालं."

"छे हो! भरपूर बोला. गोष्टी सांगा तिला. तुमच्या भाषेतच सांगा."

आईनं डोळे पुसले आणि मग बराच वेळ लेकीच्या खोड्या सांगत बसली.

आता जवळपासच्या शाळाही अशा तपासणीसाठी मावशीला बोलावतात. पायपीट होते म्हणून ती कुरकुरते. पण आठवडाभर बोलावणं आलं नाही की काकांना विचारते, "अहो, फोन बिघडलाय का आपला?"