पाचव्या टेबलावरची तपासणी

१९८३ च्या मार्चमध्ये एर्लिस प्रॉबर्ट कारखान्यात लागली, तेव्हा तिने कॉम्प्युटरवरचा एकही खेळ पाहिलेला नव्हता. ट्रेडीगर गावाच्या वरच्या अंगाला, बंद पडलेल्या खाणीच्या जागेवर हा कारखाना नुकताच उभा राहिला होता. माल एकच, केस्ट्रल नावाची जॉयस्टिक. पहिल्या केस्ट्रलमध्ये पितळी पट्ट्या होत्या. पोरं खेळातली विमानं उडवताना दांडा असा पिरगाळत, की महिनाभरात पट्ट्या वाकत आणि खोक्यांनी माल परत येई. म्हणून १९८५ साली दुसरी केस्ट्रल निघाली. तिच्यात चार बारीक कळा होत्या, दांडा कलला की टक्‌कन वाजणाऱ्या. तिथून एर्लिसचे दिवस आले.

ती तपासणीच्या पाचव्या टेबलावर बसे. जॉयस्टिक उजव्या कानाशी धरून दांडा एकदा गोल फिरवायचा. कळ दबताना एक आवाज, सुटताना एक, असे एकूण आठ. एखादा दबका आला, की ती जॉयस्टिक लाल टोपलीत.

"नवरा घोरायला लागला तरी ही आठ मोजत असेल," शेजारची मोरीन म्हणे.

"त्याचे सातच भरतात. केव्हाच टाकलाय लाल टोपलीत," एर्लिस मान वर न करता सांगे.

१९९१ च्या उन्हाळ्यात मालकांनी तपासणीचं यंत्र आणलं. पाचवं टेबल काढायचं ठरलं. फोरमन हेडन बेनन तिच्याच गल्लीतला. त्याने मालकांकडून कबूल करून घेतलं, की दोनशे जॉयस्टिक आधी यंत्राने तपासायच्या, मग एर्लिसने. ती सरस ठरली तर टेबल राहील.

दोन रात्री तिला धड झोप लागली नाही. यंत्राने सात खराब काढल्या. एर्लिसने त्या सातही काढल्या, वर आणखी दोन. त्या दोन्ही उघडून पाहिल्या, तर कळेच्या बुडाला केसाएवढी चीर होती. बायकांनी चहाचे मग टेबलावर आपटून धरणीकंप केला.

पुढच्या शुक्रवारी हेडन तिच्यापाशी आला आणि एक करडी, चपटी वस्तू ठेवून उभा राहिला. तिला दांडाच नव्हता.

"हे काय रे? साबणाची वडी?"

"पॅड म्हणतात. दुकानदारांना आता हेच हवंय. केस्ट्रल नोव्हेंबरात बंद."

एर्लिसने ते कानाशी नेलं, एकेक बटण दाबलं. पुन्हा दाबलं.

"आत काय आहे?"

"रबर."

"मग बिघडलंय की नाही, कळायचं कसं?"

"यंत्र बघेल ते."

तिने पॅड टेबलावर ठेवलं. "मी सरस ठरले होते ना, हेडन?"

"ठरली होतीस. कोण नाही म्हणतंय?"

मालकांनी शब्द मात्र पाळला. पाचवं टेबल राहिलं. दुरुस्तीसाठी टपालाने परत येणाऱ्या जुन्या केस्ट्रल तिथे येऊ लागल्या. पहिल्या हिवाळ्यात आठवड्याला चाळीसेक येत. ईस्टरपर्यंत दहा-बारावर आल्या. पोरांनी घरोघरी खेळायची नवी यंत्रं घेतली होती, त्यांत केस्ट्रलची तार बसतच नव्हती. सप्टेंबरात दोन आल्या. त्यातली एक धडधाकट होती. कुणीतरी नुसतीच पाठवून दिली होती.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात टपाल रिकामं आलं. सोमवारी आणि मंगळवारीही. बुधवारी दुपारी हेडन म्हणाला, "एर्लिस, घरी जा बाई. मी हजेरी लावतो."

"शिफ्ट पाचला सुटते," ती म्हणाली.

पलीकडे यंत्रापुढून पॅड सरकत होती, पट्ट्यावरून, एकामागून एक. मोरीन आता पॅकिंगला होती. तिने एकदा वळून पाहिलं आणि पुन्हा खोक्यांकडे तोंड केलं. एर्लिसने टेबल फडक्याने पुसलं. मग ती हात मांडीवर ठेवून पाच वाजेपर्यंत बसून राहिली.