नलूआत्यानं उतरवलेली वारांची पाटी

नलूआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी कूलरमध्ये पाणी भरत होतो. बादली कलली, पाणी पायावर सांडत राहिलं... त्याला आता महिना झाला. अकोटच्या ज्या शाळेत मी गणित शिकवतो, तिथंच ती निवृत्त होईपर्यंत ग्रंथपाल होती. त्यामुळे घरीदारी तिची बोलणी खाणारा मी एकटाच.

कापसानं सगळ्या तालुक्याला रडवलं, त्या वर्षांतली गोष्ट. वर्गातली पोरं वेचणीला जायची, काही परत यायचीच नाहीत. त्यामुळे नववीतलं एक नाव दिसेना, तेव्हा मी गैरहजेरी मांडून मोकळा झालो. मधल्या सुट्टीत आत्यानं मला गाठलं. "काजल वेचणीले नाई गेली. माह्या ग्रंथालयाच्या दारातून दोनदा वापस गेली, मंग शाळाच सोडली."

"कोण काजल?"

"तुह्याच वर्गातली. नाव मालूम नाई, अन् गैरहजेरी बराबर मांडतं!"

हजेरीत ती मुलगा होती; स्वतःला मुलगी म्हणायची. ग्रंथालयाचे वार वाटलेले होते, मंगळवार मुलींचा, शुक्रवार मुलांचा. शुक्रवारी पोरं तिचे केस ओढत, मंगळवारी मुली बाहेर काढत. आणि मी, वर्गशिक्षक, तिला म्हणालो होतो, "बेटा, तुझा वार शुक्रवार." गणिताचा माणूस, दोनच रकाने शिकलेला!

आत्यानं त्याच दुपारी वारांची पाटी उतरवली. यापुढं वर्गवार तास, सगळे एकत्र. मुख्याध्यापक धावत आले. "बाई, पालक बोंबलतील. मला लेखी आदेश काढावा लागेल."

"काढा ना सर. मी बी लेखीच उत्तर देईन. कोन्या वारी येऊ ते समजेना, म्हणून एका लेकरानं शाळा सोडली."

आदेश निघाला नाही. रविवारी मला लूनावर जुंपून ती काजलच्या गावी गेली. "लोक हासतात मॅडम," आई म्हणाली. "हासू द्या," आत्या म्हणाली. "ग्रंथालयाच्या दारात मी बसून राहीन." आणि खरंच तिनं आपलं टेबल दारात ओढलं. काजल परत आली. तिचं ग्रंथालयाचं कार्ड नव्यानं केलं, त्यावर नाव काजल. तिला चिडवणाऱ्यानं खळ लावून पाच फाटकी पुस्तकं चिकटवायची, हा दंड. पहिला दंड मलाच झाला. सवयीनं मी हजेरीतलं नाव पुकारलं. पोरं बघत होती. "सर, खळ जास्त झाली," काजल हळूच म्हणाली.

ती दहावी झाली, त्याच शाळेतून. आता अकोल्यात छापखान्यात आहे. आत्या गेल्यावर भेटून गेली...

परवा शाळा उघडली. आत्या नव्या लेकराचं कार्ड हजेरीवरून कधीच भरत नसे. पेन उघडून आधी त्यालाच विचारायची. यंदा मीही हजेरी मिटून, नावं लिहायला कोरी वही घेऊन बाकाबाकापाशी गेलो. "तुले काय म्हणू?" मागच्या बाकावरच्या एका लेकरानं वहीकडे पाहिलं.

"उद्या सांगू, सर?"

"सांग."

त्याच्या नावाची ओळ मी कोरी ठेवली आहे.