पाटलानं ओळखलं नव्हतं

अपमान झाला तो माझ्या बापाचा. धोंडिबा, साखर कारखान्यातला बॉयलरवरचा आगवाला. साल चव्वेचाळीस, माघ महिना, गाळप जोरात, दुपारचा भोंगा नुकताच होऊन गेलेला. जागा बेलापूरच्या बाजूच्या एका कारखान्याचं फाटक. कामावरून सुटलेले आणि कामावर निघालेले असे सगळे बघत असताना माझा बाप स्वतःचे बूट स्वतःच्या डोक्यावर धरून उभा होता.

कोणी केलं हे, ते सांगते. त्यात आमचा स्वतःचा हात किती, तेही सांगते. ते गाळून लिहायचं असेल तर कागद कशाला खराब करायचा?

मी आबांची भाकरी घेऊन फाटकाशी गेले होते. आबा बाहेर येत होते. खाकी तुमान, गळ्यात घामाचं फडकं, पायात बूट. ते बूट त्यांनी बेलापूरच्या बाजारातून घासाघीस करून आणले होते. रोज तेलाच्या चिंधीनं पुसायचे. आई हसायची, "बुटाला जपत्यात तेवडं मला जपलं असतं तर!"

समोरून आमच्या जुन्या गावचा पाटील आला. शेवगावच्याही पुढं, कोरड्या माळावर आमचं गाव. नाव लिहीत नाही. तुमच्या गावाचं घाला, काही चुकणार नाही. पाटलाची लेक देवळाली प्रवरा इथं दिलेली. जावई सासऱ्याला कारखाना दाखवायला घेऊन आला होता. पाटील मान वर करून धुराड्याकडं बघत चालला होता.

त्यानं आबांना ओळखलं नव्हतं.

हे नीट ध्यानात घ्या. गावात आबा भिंतीच्या कडेनं चालायचे, मान खाली, सावली कोणावर पडू नये म्हणून अंग चोरून. इथं आल्यावर ते रस्त्याच्या मधून चालायला शिकले. खांदे रुंद झाले. आवाज वाढला. बॉयलरपुढं उभं राहून माणसं हाकारायची म्हणजे आवाज लागतोच. हा माणूस म्हणजे आपल्या वेशीतला धोंड्या, हे पाटलाच्या स्वप्नातही आलं नसतं. तो सरळ निघून गेला असता.

आबा थांबले. बूट काढले. हातात घेतले. कमरेत वाकून जमिनीला हात लावला आणि म्हणाले, "जोहार, मायबाप."

कोणी मागितला होता तो जोहार? कोणी नाही. आबांनीही दिला नाही. त्यांच्या पाठीनं दिला.

पाटील थबकला. "कोन रं? धोंड्या? आरं लेका, म्या वळाकलंच न्हाई! म्हनलं कुनी मुकादम हाय."

जावई हसला.

"बूट घालाया लागला व्हय? मंग हातात कशापायी? डोईवर घे की. ऊन लई हाय."

आबांनी बूट डोक्यावर घेतले.

ती थट्टा होती. हा खरंच घेईल असं पाटलालाही वाटलं नव्हतं. दोघांनी एकमेकांकडं बघितलं. मग पोट धरधरून हसले.

हसून झाल्यावर पाटील कामाचं बोलला. "बरं झालं गाठ पडली. पाडव्यापून येसकराची पाळी तुमच्या घरावर हाय. तुजी भावजय पडली, कंबर धरून बसलीय. तिच्यानं चावडी झाडून व्हनार न्हाई. तुजी नोकरी हाय, तू नगं येऊ. ही तुजीच पोर ना? हिला धाड. सांगावं न्यायला दुसरे महार हायेत. झाडलोट अन् भाकर मागनं ही करंल."

ज्यांना येसकरकी ठाऊक नाही त्यांच्यासाठी लिहिते. गावाची वेस राखायची, चावडी झाडायची, कोणी मेलं की परगावी सांगावा न्यायचा. आणि रोज तिन्हीसांजेला घुंगराची काठी आपटत दारोदार उरलेली भाकर मागायची. महारांच्या घरांत ही पाळी वर्षावर्षानं फिरते. आमच्या घरची पाळी माझा चुलता करायचा. तो वारल्यावर चुलती. लहानपणी मी तिच्यामागं टोपली धरून हिंडले आहे. उंच ओट्यावरून भाकर टोपलीत पडताना जो आवाज होतो, तो मला अजून ऐकू येतो.

"व्हय, मायबाप," आबा म्हणाले. बूट डोक्यावर तसेच.

मी शेजारी उभी होते. सोळा वर्षांची. मला कोणी विचारलं नाही. त्या गावातच वाढले असते तर मीही व्हय म्हणाले असते, यात शंका नाही. पण मी चाळीत वाढले. चाळीतल्या शाळेत चौथी शिकले. येसकरकी सोडा म्हणणाऱ्या सभेची हँडबिलं ओट्यावर बसून बायांना वाचून दाखवायचे. वाचलेलं आधी जिभेवर असतं. त्या दुपारी ते अंगात उतरलं.

मी पुढं झाले. आबांच्या डोक्यावरचे बूट काढून त्यांच्या पायांपुढं ठेवले. "घाला," म्हटलं. मग पाटलाकडं तोंड केलं. "मी येनार न्हाई. आमच्या घरातून कुनीच येनार न्हाई."

"आगं बया!" पाटील म्हणाला. "कारखान्याचं पानी लागलं जनू! मंग चुलतीला बी सांग, पाडव्यापून गावात तोंड दावायचं न्हाई."

आबांनी बूट घातले नाहीत. तसेच चटक्याच्या मातीतून अनवाणी घरी आले; बूट मी उचलून आणले.

घरी ते माझ्यावरच उखडले. "चार मानसांत लाज घालवलीस माजी."

"घालवली कुनी, आबा?"

"गाव हाय ते आपलं. मेल्यावर माती कुटं न्यायची?"

आई चुलीपाशी होती. मान न वळवता म्हणाली, "जित्यापनी काय दिलं त्या गावानं, ते सांगा आदी. अन् ह्ये बी गाव काय धुतल्या तांदळाचं न्हाई. हितंबी तुमच्या वंजळीत पानी वरूनच वत्त्यात."

खरं होतं. आमची चाळ मळीच्या गटाराकडेला, सगळ्यात शेवटी. पिण्याच्या पिंपाला आमचा हात चालत नव्हता. म्हणून मी कोणाला सांगत नाही, की गाव सोडा आणि माणूस व्हा. गाव सोडलं की गाव मागं राहतं असं आम्हालाही वाटलं होतं. ते आमच्या पाठीत बसून इथवर आलं होतं.

चौथ्या दिवशी मी आणि आई चुलतीला आणायला निघालो. शेवगावपर्यंत मोटार, पुढं पायी. वेशीपाशी आलो आणि माझी पावलं हळू झाली. खाली बघते तर उजव्या पायातली चप्पल अर्धी निघालेली. वेशीत महारानं पायातलं काढायचं, ही रीत. मी ठरवलं नव्हतं. पायानंच काढली. फाटकाशी आबांना काय झालं होतं, ते मला तेव्हा कळलं.

चप्पल परत सारली. तशीच आत गेले. पारावरून एकजण ओरडला, "साखरबाई आल्या रं, वाट सोडा!" आम्ही चालत राहिलो.

चुलती बाजेवर होती. म्हणाली, "म्या येते गं, पन पाळी कोन करंल? गाव काय म्हनंल?" हातात चुलत्याची घुंगराची काठी. सोडवेना. आईनं तिला खांद्याचा आधार देऊन उठवलं, मी काठी घेतली आणि भर दुपारी चावडीच्या पायरीवर नेऊन टाकली. एकदाच वाजली. कोणी उचलायला आलं नाही.

आता आमच्या खोलीत एक माणूस वाढलं. गावातला हाडोळ्याचा तुकडा, येसकरकीबद्दल मिळालेली जमीन, गेला. आबा माझ्याशी बेतानंच बोलतात. बूट खुंटीला आहेत. आबा बॉयलरपुढं अनवाणी उभे राहतात, निखारा पडला तर पाय झटकतात. आई रोज बूट काढून दारात ठेवते. आबा त्यांना ओलांडून जातात.

तुम्ही, हे वाचणारे. तुम्हीही गाव सोडलंत. गिरणीत गेलात, रेल्वेत गेलात, पलटणीत गेलात. नवे कपडे अंगावर आले. उद्या जुना पाटील समोर आला, तर तुमचा हात कुठं जाईल? आज तपासा. पाडव्याला पाळी तुमच्या घरावर येत असेल तर आत्ताच गावाला कळवा, की आमच्याकडून कोणी येणार नाही. तुमच्या वाटची काठी धरून तिथं जी म्हातारी बसली आहे, तिला घेऊन या. खोलीत जागा नाही म्हणू नका, आमच्याही नव्हती. आणि जाल तेव्हा वेशीत पायातलं काढू नका.