दहापर्यंत मोजायचं

मी आणि बायकोने मिळून शेवटचं काम केलं ते शेंगा फोडायचं. दुपारी ओट्यावर बसलो होतो. मधे सूप, सुपात बियाण्याच्या भुईमुगाच्या शेंगा, आणि आमच्या दोघांच्या मधे नात. पाच वर्षांची. पोराची पोर. तो आणि सून सुरतेला साडीच्या कारखान्यात, दोघं सकाळीच कामावर जातात, म्हणून पोर आमच्याकडे.

पोर बोलत नव्हती. कान चांगले, सांगितलेलं सगळं कळायचं, पण तोंडातून शब्द निघायचा नाही. आम्ही दोन वर्षं वाया घालवली. पोपटाने चोचलेलं फळ खाऊ घातलं की जीभ सुटते, असं आमच्याकडे म्हणतात. मी या वयात पेरूच्या झाडावर चढायचो, चोचलेले पेरू गोळा करायचो. पोरीने टोपलीभर पेरू खाल्ले, एक शब्द बोलली नाही. मग तळोद्याला बोलायला शिकवणाऱ्या मॅडम भेटल्या. त्यांनी पेरूचं ऐकून घेतलं, हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बाबा, तिला काय हवं ते हातात धरा. तिच्याकडे बघा. बोल बोल करू नका. मनात दहापर्यंत मोजा आणि गप्प बसा. तिचं काम तिला करू द्या."

एवढंच. मी चौथी शिकलेला माणूस, दहापर्यंत मोजता येतं. पण मला ते जमलंच नाही. पोर बोट दाखवायची आणि माझा हात आधीच पुढे. पाणी, भाकर, चप्पल, सगळं. तीन म्हणेपर्यंत माझा जीव कासावीस व्हायचा.

बायकोला जमलं. कठीण बाई. वर्षभरात तिने पोरीच्या तोंडून अकरा शब्द काढले. चुलीमागच्या भिंतीवर कोळशाने एकेक रेघ ओढायची. पहिली रेघ 'दे'ची. 'माय' ही सहावी, म्हणजे ती स्वतः. माझ्या नावाची रेघ नव्हती. पोरीने मला कधी हाकच मारली नाही. मारायची गरज काय होती?

त्या दुपारीही बायकोने शेंग मुठीत धरली, पोरीसमोर केली आणि गप्प बसली. पोर मुठीकडे बघत होती. मी हळूच पोरीच्या हातात चार दाणे टाकले. बायकोने बघितलं.

"तिले बोलू द्या ना! तुमले कसानी घाई शे?"

"चार दाणा त शेत," मी म्हटलं.

"चार दाणा नही, चार शब्द खाई गयात तुम्ही तिना."

पोर खळखळून हसली. बायकोही हसली. मग ती टरफलं पाखडायला उठली, आणि उठता उठता भिंतीला धरून खाली बसली. छातीवर हात. घाम. तळोद्याच्या दवाखान्यात न्यायला मी जीप बोलावली. पोर शेजारणीजवळ ओट्यावरच राहिली, हातात माझे चार दाणे. तळोदा यायच्या आधीच बायकोची मान माझ्या खांद्यावर पडली.

संध्याकाळी पोरगा आणि सून आले, दिवस बुडता बुडता सगळं आटोपलं. त्याबद्दल मला लिहायचं नाही.

मला लिहायचं आहे ते भीतीबद्दल. स्मशानातून आलो तेव्हा पोर कोपऱ्यात माठाजवळ बसली होती. सून तिचे खांदे हलवत होती, "बोल ना बेटा, काही तरी बोल." पोरीने तोंड गुडघ्यात घातलं. शेजारीण म्हणाली, दुपारपासून तोंड उघडलेलं नाही. बायको गेली हे मला तोवर समजलंच नव्हतं. मला समजलं ते एवढंच, की ते अकरा शब्द तिने काढले होते, तिच्यासाठी निघत होते, आणि आता ते तिच्याबरोबर गेले. उरलो मी. चार शब्द खाणारा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर बायका रडत होत्या. चूल बंद, चहा शेजारून आला होता. पोर उठली, माठाजवळ गेली, माझ्याकडे बघितलं आणि माठाकडे बोट केलं.

मी पेला भरला. तिच्यासमोर बसलो. पेला हातात धरला आणि गप्प बसलो.

एक. दोन. माझी बहीण बघत होती. "दी दे ना भाऊ, पोर तहानी शे."

चार. पाच. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. पेल्यातलं पाणी माझ्या बोटांवरून सांडत होतं.

"बायको मरनी आन् यानं डोकं फिरनं," बहीण बायकांना म्हणाली. "दखा, पोरना छळ करस!" तिने पेल्याला हात घातला. मी सोडला नाही. मला तिला काही सांगताही येईना, कारण मॅडम म्हणाल्या होत्या, गप्प बसा.

दहा झाले. काही नाही. मॅडमनी दहाच्या पुढचं सांगितलं नव्हतं. मी पुन्हा एकपासून सुरू केलं. मला वाटलं, नाही आलं तर? दिवसभर असाच बसलो आणि नाहीच आलं तर?

सहाला पोरीचे ओठ हलले. आवाज नव्हता, नुसती हवा. मी तरी धरून ठेवलं. आठला ती म्हणाली, "दे."

मी दिलं. ती घटाघटा प्यायली. बहीण ओट्यावर परत गेली.

एक सापडला होता. दहा राहिले होते, आणि त्यातला एक 'माय' होता. कालचं सूप कोणीतरी कोपऱ्यात सारून ठेवलं होतं, शेंगा तशाच होत्या. मी ते जवळ ओढलं, एक शेंग उचलली आणि पोरीसमोर मूठ मिटली.